चिनी भाषेची पाकशाळा

परक्या भाषेची थोरवी जाणून घ्यावयाची झाल्यास आपण प्रथम तिच्या कवींकडे वळतों, मग तत्त्वज्ञांकडे, आणि वेळ उरलाच तर इतिहासकारांकडे. तिच्या स्वयंपाकघराकडे सहसा कोणी वळत नाहीं. तेथले शब्द रोजच्या वापरानें कढईच्या तळासारखे काळवंडलेले. त्यांत पाहण्याजोगें काय असावयाचें, अशी आपली समजूत असते. चिनी भाषेकडे ही समजूत घेऊन जाणारा मनुष्य ओटीवरूनच परत फिरला असें म्हणावें लागेल. माणसाची पारख, राज्यकारभाराची पारख आणि काव्याची पारख या तिन्ही गोष्टी त्या भाषेंत ज्या शब्दांनीं होतात, त्यांतले कितीएक चुलीपाशीं जन्मलेले आहेत.

या शब्दांस आपल्याकडील छापील मजकुरांत मुळींच जागा मिळत नाहीं असें नाहीं. पण ती मिळते गमतीच्या सदरांत. चिनी भाषेंत प्रेमांत मत्सर करणारा मनुष्य ‘शिरका खातो’, म्हणजे व्हिनेगर खातो. थांग राजवटींतील मंत्री फांग श्वेनलिंग याच्या पत्नीनें सवत घरांत येऊं देण्यापेक्षां बादशहानें पाठविलेला विषाचा पेला पत्करला, आणि पिऊन पाहते तों त्यांत शिरका होता, अशी दंतकथा त्यामागें सांगतात. नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसाचें ‘माकूल परतलें’ जातें. कारण हा समुद्रांतला मऊ जीव तापल्या कढईंत पडतांच गुंडाळला जातो, आणि घालवून दिलेला नोकरही आपली वळकटी तशीच गुंडाळतो, असें म्हणतात. वाचक हंसतो आणि पान उलटतो. हंसण्यास आमची हरकत नाहीं. हंसून झाल्यावर पान उलटण्यास आहे.

आमच्या मतें हे शब्द म्हणजे त्या भाषेंतलीं मापें आहेत. एखादी वस्तु कच्ची आहे कीं शिजलेली, आंच बेताची होती कीं चढली, हंडींतल्या जिनसा एकमेकांस मिळाल्या कीं नाहीं, आणि मुळांत घरांत दाणा होता कीं नव्हता, हे प्रश्न चिनी मनुष्य अन्नाविषयीं विचारतो, आणि त्याच शब्दांत माणसांविषयीं, ग्रंथांविषयीं व सरकाराविषयींही विचारतो. जो भाषांतरकार हीं मापें बाजूस सारून नुसता भावार्थ ठेवतो, तो वाचकाच्या हातून तराजू काढून घेतो आणि त्यास वजनाची चिठ्ठी तेवढी देतो.

आरंभ अग्नीपासूनच करूं. चिनी लिपींत अग्नीचें एक चिन्ह आहे. तें अक्षराच्या डाव्या बाजूस उभें राहतें, किंवा चार ठिपक्यांच्या रूपानें तळाशीं निखाऱ्यांसारखें पसरतें. भर आंचेवर सारखें हलवीत परतणें, थोड्या तेलावर भाजणें, बुडत्या तेलांत तळणें, वाफेवर उकडणें, झांकण घालून मंद आंचेवर मुरूं देणें, पुष्कळ वेळ आटवीत ठेवणें, या प्रत्येक क्रियेस तेथें स्वतंत्र अक्षर आहे आणि त्या प्रत्येकांत तो अग्नि कोठें ना कोठें पेटलेला दिसतो. मराठी गृहिणीस यांत नवल वाटणार नाहीं. परतणें, तळणें, भाजणें, उकडणें, कढवणें, आटवणें, मुरवणें हे भेद तिच्या रोजच्या हाताखालचे आहेत. परंतु चिनी ग्रंथ मराठींत येतात ते बहुधा इंग्रजीच्या वाटेनें. आणि इंग्रजींत परतण्यास व तळण्यास ‘फ्राय’ हा एकच शब्द, फार तर पुढें एखादें विशेषण जोडून, पुरवावा लागतो. मग जो भेद मूळ भाषेंत आहे व आपल्याही भाषेंत आहे, तो मधल्या धर्मशाळेंत हरवण्याचा धोका उभा राहतो.

हा भेद केवळ पाककृतीचा असता तर आम्हीं त्याचा एवढा खल केला नसता. पुष्कळ वेळ आटवण्यास चिनींत ‘आओ’ म्हणतात. रात्रभर जागून काम करणारा मनुष्य रात्र ‘आटवतो’. वाईट दिवस सोसणारा ते दिवस ‘आटवतो’. आपण मराठींत दिवस काढतों. ‘काढणें’ या शब्दांत सुटकेची घाई आहे, तर ‘आओ’ या शब्दांत चुलीवर बसून राहण्याचा, आणि बसून बसून दाट होत जाण्याचा सोशिकपणा आहे. याच्या उलट, भर आंचेवर परतण्याचा ‘छाओ’ हा शब्द घाईचा. शेअरांचा किंवा जमिनींचा सट्टा खेळणारा मनुष्य त्यांस ‘परततो’. एखाद्या नटाचा वा पुस्तकाचा पोकळ गाजावाजा करणारा त्यास ‘परततो’. चढलेली आंच, सारखी उलटापालट, मोठा चर्र आवाज आणि कढईंत जिन्नस मूठभर! बाजारी प्रसिद्धीचें याहून नेमकें वर्णन आमच्या पाहण्यांत नाहीं.

कच्चें आणि शिजलेलें या जोडीचें राज्य याहूनही विस्तृत आहे. ‘शू’ म्हणजे शिजलेलें. पण पिकलेलें फळ, ओळखीचा मनुष्य, सरावलेला हात आणि गाढ झोप यांसही हाच शब्द लागतो. ‘शंग’ म्हणजे कच्चें. आणि अनोळखी मनुष्य किंवा शाळेच्या धड्यांतलीं नवीं अक्षरें यांसही तोच शब्द. म्हणजे चिनी मुलगा धडा वाचतांना कच्चीं अक्षरें शिजवीत असतो, आणि मोठेपणीं कच्चीं माणसें ओळखीच्या आंचेवर शिजवीत असतो. आपल्याकडेही पाठ पक्का होतो, खेळांत कच्चा लिंबू असतो आणि वयानें बुद्धि परिपक्व होते. यांतले ‘पक्का’ आणि ‘परिपक्व’ हे शब्द संस्कृत ‘पच्’ धातूचाच विस्तार आहेत. पण शेजाऱ्याशीं ओळख झाली म्हणून त्यास शिजलेला म्हणण्यापर्यंत आपण गेलों नाहीं. शिवाय ‘शंग’ याच अक्षराचा दुसरा अर्थ जन्म व जीवन असा आहे. जें जन्मतें तें कच्चेंच जन्मतें. म्हणून त्या भाषेंत कच्चेपणा हा निव्वळ दोष ठरत नाहीं, ती एक सुरुवातही ठरते.

या जोडीची एक काळी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. छिंग राजवटींत तैवान बेटांतील मूळ रहिवाशांची ‘शिजलेले रानटी’ आणि ‘कच्चे रानटी’ अशी वांटणी केलेली होती. जे कर भरीत व बादशाही अंमल मानीत ते शिजलेले. डोंगर धरून राहणारे व अंमल न मानणारे ते कच्चे. येथें चूल कोणाची आणि आंच कोणाच्या हातीं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. अन्न शिजवतात तें पोसण्यासाठीं, आणि गिळण्यासाठींही. साध्या घरगुती शब्दानें केवढा मोठा अन्याय सभ्य दिसूं लागतो, याचें हें उदाहरण जपून ठेवण्यासारखें आहे.

कच्चें आणि शिजलेलें यांच्या मधली अवस्थाही चिनी भाषेनें सोडलेली नाहीं. बाहेरून मऊ आणि आंत कणी राहिलेल्या भातास एक खास शब्द आहे. घाईनें उरकून बिघडविलेल्या कामासही तोच लावतात. अशा भाताचें दुःख हें कीं तो पुन्हां चुलीवर ठेवला तरी धड शिजत नाहीं. उलट, तांदळाचा भात होऊन गेला, असें म्हटलें कीं गोष्ट हातची गेली. मुलामुलींनीं परस्पर लग्न उरकल्याचें कळल्यावर वडील माणसांच्या तोंडीं शोभणारी ही म्हण आहे.

कच्च्याचें शिजलेलें नेमकें केव्हां होतें? या प्रश्नाचें उत्तर ज्या शब्दांत आहे तो आम्हीं या सर्व शब्दसंग्रहाचा राजा मानतों. तो शब्द ‘हुओहोउ’. त्यांतल्या पहिल्या अक्षराचा अर्थ अग्नि. दुसऱ्याचा अर्थ वाट पाहणें, निरखणें, योग्य घटका. आंच किती आणि किती वेळ, हें दोन्ही एकाच शब्दांत बसविलेलें आहे. ताओपंथी किमयागार आपल्या भट्टीविषयीं तो वापरीत. आचारी कढईविषयीं वापरतो. आणि हस्ताक्षराच्या कलेंत, गाण्यांत किंवा लेखनांत ज्याचा हात अद्याप तयार झालेला नाहीं त्याची आंच अजून पुरी झाली नाहीं, असें जाणते लोक म्हणतात. सुंग काळांतला कवि सू तुंगपो (१०३७–११०१) हा १०८० सालीं ह्वांगचौ येथें हद्दपार होऊन गेला. तेथें डुकराचें मांस अतिशय स्वस्त होतें. तें कसें रांधावें यावर त्यानें एक लहानशी विनोदी रचना केली आहे. तिचें तात्पर्य एवढेंच कीं पाणी थोडें घालावें, आंच दबती ठेवावी आणि घाई करूं नये. वेळ भरला कीं बाकीचें आपोआप होतें. राजाची मर्जी फिरल्यामुळें परगांवीं दिवस आटवीत बसलेल्या माणसानें हें लिहिलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती पाककृति केवळ पाककृति राहत नाहीं.

चुलीवरच्या वेळेनें सबंध आयुष्य मोजणारी एक कथाही त्या वाङ्मयांत आहे. ती थांग काळच्या शन चीची या लेखकाची. आपल्या नशिबावर रुष्ट झालेला एक तरुण हांतानच्या वाटेवरील एका खाणावळींत उशीवर डोकें टेकतो. लग्न, परीक्षा, मोठालीं अधिकारपदें, शत्रूंचीं कारस्थानें, नातवंडें, म्हातारपण आणि अखेर मरण, असें सारें तो स्वप्नांत भोगतो आणि दचकून जागा होतो, तों खाणावळवाल्यानें चुलीवर ठेवलेले राळे अजून शिजावयाचे असतात. वैभवाच्या क्षणभंगुरतेस ‘पिवळ्या राळ्यांचें स्वप्न’ म्हणण्याचा प्रघात तेव्हांपासूनचा. जगास स्वप्न आपल्या वेदान्त्यांनींही म्हटलें. पण त्या स्वप्नाची लांबी राळे शिजण्याच्या वेळानें मोजून दाखविण्याची युक्ति या चिनी कथाकाराची.

काव्यविचारांत स्वयंपाकाचा दाखला आपणांस अपरिचित नाहीं. भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस समजावून सांगतांना नाना व्यंजनांच्या संयोगाचीच उपमा घेतली. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्याचे नऊ पाक सांगितले. पण त्यांचीं नांवें पाहूं गेल्यास तीं निंब, बोर, द्राक्ष, वांगें, चिंच, आंबा, सुपारी, काकडी आणि नारळ अशीं आहेत. हा पाक झाडावेलींवरचा आहे. तेथें ऊन लागतें, कालांतरानें फळ आपलें आपण पिकतें. चिनी टीकाकाराची नजर चुलीवर असते. काश्मीरांत आनंदवर्धनानें ध्वन्यालोक लिहिला त्याच शतकांत जन्मलेला सखुंग थू (८३७–९०८) एका पत्रांत असें प्रतिपादन करतो कीं ज्यास चव ओळखतां येते त्यानेंच काव्यावर बोलावें. शिरक्यास आंबटपणा असतो आणि मिठास खारटपणा असतो. परंतु उत्तम अन्नाची गोडी या दोहोंच्या पलीकडे असते, आणि ज्या प्रांतांतील लोक आंबट व खारट यांवरच थांबतात त्यांस ती कळत नाहीं, असा त्याचा आशय आहे. आपल्या ध्वनिवाद्यांस हें वाचून दूरचा भाऊबंद भेटल्यासारखें वाटेल.

याच परंपरेंत पुढें नानकिंगचा युआन मेइ (१७१६–१७९७) झाला. हा कवि आणि काव्याचा मार्मिक परीक्षक. आणि यानेंच आपल्या उद्यानाच्या नांवानें पाकशास्त्रावरील एक पुस्तक १७९२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत पाककृतींच्या आधीं दोन प्रकरणें आहेत. एक जाणून घ्यावयाच्या गोष्टींचें, दुसरें टाळावयाच्या गोष्टींचें. आंचेच्या ज्ञानास पहिल्या प्रकरणांत मानाची जागा आहे. दुसऱ्यांत तो दोन दोष सांगतो, ते आम्हांस फार आवडतात. बड्या नांवाच्या महाग जिनसा पाहुण्यांपुढें मिरविणें यास तो कानानें जेवणें म्हणतो. ताटावाट्यांची रास रचून दाखविणें यास डोळ्यांनीं जेवणें म्हणतो. नीट रांधलेलें तोफू, म्हणजे सोयाबीनचें साधें पनीर, हें पांखरांच्या दुर्मिळ घरट्यांहून कितीतरी सरस, असें त्याचें मत. आपल्या ग्रंथपरीक्षणांत कानानें जेवणारे किती आणि डोळ्यांनीं जेवणारे किती, याची मोजदाद आम्ही वाचकांवर सोंपवितों. याच गृहस्थानें आपल्या मृत स्वयंपाक्याचें, वांग श्याओयू याचें, चरित्रही लिहून ठेविलें आहे. किती कवींनीं आपल्या आचाऱ्याचें चरित्र लिहिलें असेल?

ही सर्व विचारांची चूल झाली. परंतु चिनी भाषेंत आणखी दोन चुली पेटत आल्या आहेत, आणि त्यांतला भेद न ओळखतां पुढें जातां येणार नाहीं. एक राजाच्या यज्ञशाळेंतली. तिच्यावर तीन पायांचें काशाचें पात्र चढतें. दुसरी गरिबाच्या घरची. तिच्यावर चढवावयास कधीं कधीं कांहींच नसतें.

राजाच्या चुलीची परंपरा जुनी आहे. शांग वंशाच्या संस्थापकाचा मंत्री ई यिन हा मूळचा आचारी, आणि चवीच्या गोष्टी सांगतां सांगतांच त्यानें राजास राज्यकारभार शिकविला, असें सांगतात. त्यामुळें पात्रांतलें कालवण जुळवून आणणें म्हणजे प्रधानपद भूषविणें, असा अर्थ रूढ झाला. लाओत्सनें मोठ्या राज्याच्या कारभारास लहान माशाच्या रांधण्याची उपमा दिली. सारखा उलथीत राहिल्यास मासा मोडतो, असा तिचा अर्थ टीकाकार लावतात. ‘त्साइ’ या एकाच शब्दाचे जनावर कापणें आणि कारभार पाहणें असे दोन अर्थ आहेत. हान काळचा प्रधान छन फिंग हा तरुणपणीं गांवच्या उत्सवांतलें मांस सर्वांस सारखें वांटून देई. लोकांनीं वाखाणलें तेव्हां, राज्य हातीं आलें तर तेंही असेंच वांटूं, अशी आकांक्षा त्यानें बोलून दाखविली. गंमत अशी कीं आजच्या बोलींत गिऱ्हाइकास लुबाडणाऱ्या दुकानदाराच्या कृत्यासही हाच शब्द आहे. सुरी तीच, ती वांटते कीं कापते, हें धरणारा हात ठरवितो. आणि या सर्व थोर रूपकांच्या मागें मेन्सियसचा तो प्रसिद्ध उपदेशही उभा आहे कीं सज्जनानें पाकशाळेपासून दूर राहावें. रूपकें तिच्यांतलीं घ्यावयाचीं आणि पाऊल मात्र आंत टाकावयाचें नाहीं, ही रीति केवळ चीनचीच आहे असें आपण म्हणूं नये.

राजाच्या चुलीवरचा सर्वांत मोठा शब्द ‘ह’ हा आहे. त्याचा अर्थ मेळ, सुसंवाद. इ. स. पूर्व ५२२ या वर्षीं छी राज्याचा राजा आपल्या एका आवडत्या दरबाऱ्याविषयीं, याचा माझ्याशीं उत्तम मेळ आहे, असें म्हणाला, तेव्हां मंत्री यान यिंग यानें त्यास मेळ आणि एकसारखेपणा यांतला भेद कालवणाच्या दाखल्यानें समजावून दिला. पाणी, अग्नि, शिरका, मीठ, आंबट फळ या परस्परविरुद्ध वस्तूंनीं मासे व मांस रांधतात. आचारी उणें असेल तें भरतो आणि अधिक असेल तें कमी करतो. जो दरबारी राजाच्या होकारास होकार व नकारास नकार जोडतो, तो पाण्यांत पाणी ओतून कालवण करूं पाहतो. तें कोण खाणार? मतभेदास राज्यांत जागा असावी, हें तत्त्व इतक्या जुन्या काळीं इतक्या सोप्या दाखल्यानें सांगितलेलें आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळलें.

या शब्दाचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २००४ सालीं चीनच्या सत्ताधारी पक्षानें सुसंवादी समाज ही आपली घोषणा ठरविली, आणि तिच्यांत ‘ह’ हाच शब्द होता. थोड्याच वर्षांत सरकारी नियंत्रणाखालीं एखादा मजकूर नाहींसा झाला म्हणजे तो ‘सुसंवादित झाला’ असें लोक उपरोधानें म्हणूं लागले; आणि तो शब्दही नजरेखालीं आला तेव्हां त्यांनीं त्याच्याशीं उच्चारानें जवळचा दुसरा शब्द घेतला, ‘हश्ये’, म्हणजे नदींतला खेंकडा. नोव्हेंबर २०१० मध्यें शांघाय येथें, चित्रकार व शिल्पकार आय वेइवेइ यांची कलाशाळा सरकार पाडणार असें ठरल्यावर, त्यांच्या निमंत्रणावरून शेंकडों लोक तेथें खेंकड्यांच्या जेवणास जमले. स्वतः यजमानास बेजिंगमध्यें घरांतच अडकवून ठेवलें होतें. जानेवारी २०११ मध्यें ती इमारत पाडण्यांत आली. यान यिंगच्या कालवणांत ज्या शब्दानें विरोधी चवींस जागा दिली, त्याच शब्दानें अडीच हजार वर्षांनीं त्या वगळल्या. आणि लोकांनीं त्याचा जबाब पुन्हां पाकशाळेंतूनच आणला. शब्दांच्या इतिहासांत याहून चटका लावणारें प्रकरण विरळा.

आतां दुसऱ्या चुलीकडे. ‘भाताचा वाडगा’ म्हणजे नोकरी; वाडगा फोडणें म्हणजे नोकरी घालविणें. ‘बादशहाचें धान्य खाणें’ म्हणजे सरकारी पगारावर जगणें. बादशाही १९१२ सालीं संपली, धान्य अजून चालूच आहे. न फुटणारी कायमची नोकरी तो ‘लोखंडी वाडगा’, आणि १९९० नंतरच्या दशकांत सरकारी कारखान्यांतल्या कोट्यवधि कामगारांचे ते लोखंडी वाडगेही फुटले. कोणाच्या दारीं जावें आणि दार उघडूं नये, याला ‘बंद दाराचें कढण खाणें’ म्हणतात. कष्ट सोसणें म्हणजे ‘कडू खाणें’, नुकसान सोसणें म्हणजे ‘तोटा खाणें’. आपणही मार खातों, बोलणीं खातों, हवा खातों. परंतु कडू खातां येणें हा सद्गुण म्हणून मुलांस शिकविण्याइतकी ती चव आपल्या भाषेनें जिभेवर घेतलेली नाहीं.

या चुलीवरची थोरली म्हण अशी कीं तांदळावांचून चतुर सुनेसही भात रांधतां येत नाहीं. आणि याच चुलीवरचा ‘मोठ्या हंडींतला भात’ हा शब्द आज काम करो वा न करो सर्वांस सारखा पगार देण्याच्या पद्धतीस थट्टेनें लावतात. पण ही थट्टा ज्या हंडींतून आली तिचा विसर पडूं देणें योग्य नाहीं. १९५८ सालीं खेड्याखेड्यांत सार्वजनिक भोजनगृहें उघडलीं गेलीं, घरोघरच्या चुली थंडावल्या, आणि पोलादाचें उत्पादन वाढविण्याच्या नादांत घरांतल्या लोखंडी कढयाही भट्टींत गेल्या. प्रथम पोटभर वाढणाऱ्या त्या मोठ्या हंड्या लवकरच रिकाम्या झाल्या. १९५९ ते १९६१ या दुष्काळांत दगावलेल्यांची संख्या दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत निरनिराळे अभ्यासक धरतात. ज्या देशांत भेटीस आलेल्या माणसास ‘जेवलांत का?’ असें विचारून स्वागत करण्याची रीति आहे, तेथें तो प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता.

असो. भाषांतराच्या मुख्य प्रश्नाकडे परत येऊं. वरील वाक्प्रचार मराठींत कसे आणावे? कांहीं ठिकाणीं आपली चूल आणि त्यांची चूल भिंतीस भिंत लावून आहेत. बातमी फुगवून सांगणें यास ते ‘तेल आणि शिरका घालणें’ म्हणतात, आपण तिखटमीठ लावतों. जुनाच विषय पुन्हां काढणें यास ते ‘थंड भात परतणें’ म्हणतात, आपण शिळ्या कढीला ऊत आणतों. येथें मराठी प्रयोग बेधडक वापरावा. एका फोडणीच्या जागीं दुसरी फोडणी येते, अन्नाचें अन्नच राहतें.

पण सर्वत्र असें करतां येत नाहीं. चतुर सुनेच्या म्हणीस ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार’ ही आपली म्हण कोणीही चटकन सुचवील. अर्थ जुळतो, आणि तरी एक बाई नाहींशी होते. चिनी म्हण आधीं त्या सुनेचें कसब मान्य करते, मग तिच्या रिकाम्या मडक्याकडे बोट दाखविते. दोष तिचा नव्हे, हें सांगण्यासाठींच ती म्हण आहे. आड आणि पोहरा यांत कोणाचेंच कसब नाहीं. तसेंच, इ. स. पूर्व २०७ मध्यें श्यांग यू यानें नदी ओलांडल्यावर नावा बुडविल्या आणि सैन्याच्या हंड्या फोडल्या. ‘हंड्या फोडून नावा बुडविणें’ हा प्रयोग त्यावरून आला. मराठी भाषांतरकारास येथें ‘परतीचे दोर कापणें’ याचा मोह पडणें स्वाभाविक आहे. परंतु त्या दोरांबरोबर सिंहगडाचा कडा आणि १६७० सालची ती रात्र डोळ्यांपुढें उभी राहते, आणि चिनी सैन्य मावळ्यांच्या वेषांत दिसूं लागतें. शिवाय दोर कापल्यानें परतण्याची वाट जाते, हंडी फोडल्यानें उद्यांचें जेवण जातें. श्यांग यूनें सैनिकांपाशीं तीन दिवसांची शिदोरी ठेवली होती. भूक हीच त्याची दुसरी फळी होती. तो अर्थ हंडींतच आहे.

तेव्हां आमचा नियम साधा आहे. जेथें चिनी शब्द केवळ चव सांगतो तेथें आपली चव द्यावी. जेथें तो माप सांगतो तेथें त्याचेंच माप ठेवावें, मग वाक्य थोडें परकें दिसलें तरी चालेल. रात्र आटवली, ओळख शिजली, आंच पुरी झाली नाहीं, असे प्रयोग मराठी वाचकास पहिल्या दिवशीं कच्चे लागतील. परंतु ज्या भाषेंत कढवणें, मुरवणें आणि आटवणें यांतला फरक लहान मुलीसही ठाऊक आहे, तिला हे घांस जड जाणार नाहींत. इंग्रजीची मधली धर्मशाळा टाळून थेट एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर विस्तव नेण्याची सोय आपणांस जन्मतःच मिळालेली आहे. ती न वापरणें हा करंटेपणा होय. चिनी भाषा शिकून मूळ ग्रंथांवरून मराठींत लिहिणारे तरुण पुढें येतील तेव्हां त्यांनीं शब्दकोशाबरोबर घरांतल्या वडील बायकांचाही सल्ला घ्यावा, एवढी आमची सूचना आहे. मराठी क्रियापदांचा तेवढा भरलेला डबा दुसऱ्या कोठें मिळणार नाहीं.